पत्री: पायाखालचा शब्द

उसाचा हंगाम सुरू झाला की कुंडलच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागते. गव्हाणीत मोळी पडायला अजून अवकाश असतो. तेवढ्या वेळात एखादा गाडीवान जू सोडतो आणि बैलाला कडेच्या मोकळ्या जागेत आणतो. दोघं-तिघं मिळून दोरानं त्याचे पाय आवळतात आणि त्याला बेतानं कुशीवर पाडतात. मग पत्रीवाला उकिडवा बसतो, खूर तासून सारखं करतो, चंद्रकोरीएवढा लोखंडी तुकडा त्यावर धरतो आणि खिळे ठोकायला लागतो. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन तुकडे, चार पायांना आठ. घोड्याला नाल, बैलाला पत्री. खडीच्या नि डांबराच्या रस्त्यानं उसाची गाडी ओढायची, तर अनवाणी बैलाचं काम नाही.

याच परिसरात, या लोखंडी तुकड्याच्या नावानं एक अख्खं सरकार ओळखलं गेलं. पुस्तकात त्याचं नाव ‘प्रतिसरकार’ आहे. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले नेते. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही त्यातली आणखी मोठी नावं. कुंडल हे त्याचं मुख्य ठाणं. आजच्या सातारा-सांगली भागात ऑगस्ट १९४३ च्या सुमारास हे समांतर राज्य उभं राहिलं आणि १९४६ पर्यंत चाललं. पण या भागातल्या जुन्या माणसाशी बोलताना ‘प्रतिसरकार’ म्हणालात तर शाळेच्या पुस्तकातलं काही तरी विचारताय असं त्याला वाटतं. ‘पत्री सरकार’ म्हणा, तो मांडी घालून बसतो आणि सांगायला लागतो.

नावाच्या या दोन रूपांत एका ‘र’ची जागा तेवढी बदलली आहे. त्या ‘र’नं उडी का मारली आणि मारली ती नेमकी पत्रीवरच का पडली, एवढंच इथे पाहायचं आहे. वाटेत इटली लागेल. त्याला इलाज नाही. त्या तीन वर्षांत या मुलखाची कितीतरी पोरं तिकडेच होती.

आधी ‘प्रति’ पाहू. संस्कृतातला हा उपसर्ग बहुरूप्यासारखा आहे. प्रतिकार, प्रतिवाद, प्रतिस्पर्धी या शब्दांत तो दंड थोपटून समोर उभा राहतो. प्रतिबिंब, प्रतिमा, प्रतिकृती यांत तो समोरच्याची हुबेहूब नक्कल करतो. प्रतिदिन, प्रतिवर्षी म्हणताना बोटं मोजत बसतो, आणि प्रतिसाद देताना हाकेला ओ देतो. मराठीनं यातला नकलेचा अर्थ फार लाडानं वाढवला. आपल्याकडे प्रतिपंढरपूर असतं, प्रतिशिर्डी असते. तिथे मूळ पंढरपुराशी काही वैर नसतं. ज्यांना तिथवर जाणं जमत नाही त्यांच्यासाठी जवळ केलेली ती सोय असते.

प्रतिसरकारात हे सगळे अर्थ एकदम नांदत होते. ते इंग्रज सरकारच्या विरोधात होतं, हा पहिला अर्थ. पण त्यानं त्याच सरकारची प्रतही काढली: न्यायदान मंडळं नेमली, शिक्षा ठरवल्या, ‘तुफान सेना’ नावाचं दल उभं केलं आणि त्यात कॅप्टन, फील्ड मार्शल असे थेट साहेबाच्या फौजेतले हुद्दे ठेवले. आणि पंढरपुराच्या चालीवर ती एक सोयही होती. तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे घालून चपला झिजवण्याऐवजी बांधाचं भांडण गावातच तुटायला लागलं. सावकाराच्या कागदाची चौकशी झाली, दारूच्या भट्ट्या मोडल्या, हुंडा नि मानपानाला फाटा देऊन ‘गांधी विवाह’ लागले, वाचनालयं निघाली.

कुंडलला तर ‘प्रति’ हा पाहुणा नव्हताच, तो घरचा होता. कुंडल होतं औंध संस्थानात आणि औंधचे राजे ते पंतप्रतिनिधी. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना निर्माण झालेलं हे ‘प्रतिनिधी’पद, अर्थ, धन्याच्या जागी उभा राहून कारभार पाहणारा. या प्रतिनिधींच्या घराण्यातल्या बाळासाहेबांनी १९३९ साली आणखी एक पाऊल पुढे टाकलं. गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली राज्यघटना लागू करून त्यांनी राज्याचा कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. संस्थानाची हद्द लागली की इंग्रजी मुलखातल्या पोलिसांचे हात थोडे बांधले जात, आणि भूमिगतांना ती हद्द सोयीची पडली. प्रतिनिधीच्या राज्यात प्रतिसरकार वाढलं. शब्दांच्या अशा सोयरिकी कुणी जुळवत नाही, त्या जुळून येतात.

आता ‘सरकार’. हा शब्द फारसी: ‘सर’ म्हणजे डोकं, ‘कार’ म्हणजे काम. कामाचं डोकं, कारभाराचा मुख्य. फारसी ‘सर’ आणि आपलं ‘शिर’ ही चुलत भावंडं आहेत, आणि ‘कार’ तर आपल्या ‘कृ’ धातूच्याच कुळातला. म्हणजे परक्या वेशात आलेला हा शब्द हाडामासानं आपल्यातलाच निघाला. मराठीनं त्याला ‘मायबाप’ जोडलं, हात जोडून समोर उभं राहताना जमीनदारालाही ‘सरकार’ म्हटलं. जप्त झालेली वस्तू ‘सरकारजमा’ झाली. या सगळ्यात डोकं सदैव वर, आपण खाली.

सत्तेसाठी आपल्याकडचा दुसरा चलनी शब्द ‘अंमल’. अरबीत ‘अमल’ म्हणजे नुसतं काम. त्यावरून आपला अंमलदार आला, मामलेदार आला. पण मराठीत अंमल राज्याचा असतो तसाच दारूचाही असतो. अफूचा अंमल चढतो, इंग्रजांचाही अंमल होता. एकाच शब्दात राज्य आणि नशा कोंबणाऱ्या भाषेला सत्तेचा स्वभाव पक्का कळला असला पाहिजे. प्रतिसरकारानं गावातल्या दारूवर आणि इंग्रजाच्या अंमलावर एकाच वेळी हात घातला, यात राजकारण जेवढं आहे तेवढंच व्याकरणही आहे.

मग या ‘प्रति’चं ‘पत्री’ कसं झालं?

गावरान मराठी जिभेला जोडाक्षर जड जातं आणि त्यावर तिचा ठरलेला उपाय आहे. ती ‘प्र’चे दोन तुकडे करते. प्रसादाचा परसाद होतो, प्रकाराचा परकार, प्रपंचाचा परपंच. या रिवाजानं ‘प्रतिसरकार’चं ‘परतीसरकार’ व्हायला हवं होतं. तसं न होता ‘र’नं ‘प’ला सोडून थेट ‘त’च्या गळ्यात हात टाकला. अक्षरांच्या अशा अदलाबदलीला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. आपण तो रोज ऐकतो: नुकसानीची ‘नुस्कानी’ होते, मतलबाचा ‘मतबल’, रिक्षाची ‘रिश्का’, आणि शाळेतल्या डेस्कचं ‘डेक्स’. तेव्हा ‘प्रति’चं ‘पत्रि’ होणं हे काही आभाळातून पडलेलं नाही.

पण नुसत्या विपर्ययानं झालेला शब्द लंगडतच चालतो. ‘मतबल’ म्हणणाऱ्याला शिकलेला माणूस हसतो आणि तोही पुढे ओशाळून ‘मतलब’ म्हणतो. ‘पत्री’ला कुणी हसलं नाही. कारण तिथे पोचल्यावर ‘र’ला एक तयार, घट्ट, रोजच्या वापरातला शब्द भेटला. परका शब्द कानावर पडतो, जीभ त्याला ओळखीच्या शब्दाच्या साच्यात घालते आणि मग त्या ओळखीच्या शब्दाचा अर्थही त्याला चिकटतो. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. याचा सगळ्यात गमतीचा नमुना आपल्या पलटणींतलाच आहे. गोऱ्या पहारेकऱ्यानं अंधारात विचारायचं, ‘हू कम्स देअर?’ देशी शिपायानं ते ऐकलं आणि आपलं करून टाकलं: ‘हुकुमदार!’ इंग्रजी प्रश्न फारसी झाला नि मराठीही झाला, आणि पहाऱ्यावर शोभला मात्र अस्सल.

‘पत्री’ला चिकटलेला अर्थ धारदार होता. फितूर, खबरे, दरोडेखोर, गावाला नाडणारे गुंड यांना प्रतिसरकार शिक्षा देई, त्यातली गाजलेली शिक्षा तळपायांवर काठीचा मार. मार खाल्लेला माणूस काही दिवस धड चालू शकत नसे. त्यावरून ‘पत्री मारली’ हा वाक्प्रचार पडला. पुढे गोष्ट वाढत वाढत माणसांच्या पायांत खरोखरच खिळे ठोकल्याच्या वर्णनांपर्यंत गेली. विरोधकांना ती सोयीची होती, ऐकणाऱ्याला चघळायला बरी होती. चळवळीतल्या माणसांनी खिळ्यांची गोष्ट नाकारली. काठी नाकारली नाही. ती शिक्षा गोडगुलाबी करून सांगण्यात अर्थ नाही. कायदा हाती घेणाऱ्या कुठल्याही राज्याच्या हाती काठी असतेच, आणि काठीखाली कधी कोण येईल याचा भरवसा नसतो. ‘पत्री’ शब्दात ही भीतीही आहे, हे विसरून चालणार नाही. पण गावानं तो शब्द शिवी म्हणून वापरला नाही. ज्याला पत्री मारली त्याची पाठराखण करायला गाव गेलं नाही, आणि ज्यांनी मारली त्यांना भाकरी देऊन उसात नि वस्तीवर लपवलं. तीन वर्षं इंग्रजाला ते सरकार मोडता आलं नाही, त्याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

मला या जोडशब्दात भावते ती त्याची शरीररचना. ‘सरकार’ म्हणजे डोकं. त्याच्या अलीकडे लोकांनी आणून ठेवलं पायातलं लोखंड. मायबाप म्हणून वर पाहायची सवय झालेल्या शब्दाला गावानं जमिनीवर आणलं, आणि तेही बैलाच्या पायापाशी.

‘पत्री’चं घराणं तसं फार उंचावरचं. संस्कृत ‘पत्र’ म्हणजे मुळात पंख, पीस. उडणे अर्थाच्या ‘पत्’ धातूवरून आलेलं. झाडाचं पान वाऱ्यावर पिसासारखंच हलतं, म्हणून पानही पत्र झालं. पानावर लिहायला लागल्यावर चिठ्ठी पत्र झाली. पानासारखा पातळ ठोकलेला धातू पत्रा झाला. गणपतीला वाहतो ती पत्री, जेवतो ती पत्रावळ, कांद्याची पात, चाकूचं पातं, लग्नाची पत्रिका आणि भूमिगतांनी रातोरात वाटलेली पत्रकं, ही सगळी एका पिसाची पिलावळ. संस्कृतात तर ‘पत्री’ म्हणजे चक्क पक्षी, पंख असलेला. तो उडायचा सोडून बैलाच्या खुराखाली कसा आला, याचं उत्तर आपल्या ‘खेचरा’ला विचारावं. संस्कृतात खेचर म्हणजे आकाशात विहार करणारा. मराठीत खेचर ओझं वाहतं. दोन पक्षी मराठीत उतरले आणि दोघांच्याही वाट्याला गाडीची, ओझ्याची वाट आली. याच धातूनं लॅटिनमध्ये ‘पेन्ना’ हा शब्द दिला, अर्थ तोच, पीस. पिसानं लिहीत म्हणून इटालियनमध्ये लेखणीही ‘पेन्ना’, आणि पिसाच्या टोकासारखा तिरका कापलेला पास्ता ‘पेन्ने’. आपण लिहितो ते पत्र आणि इटलीत ज्यानं लिहितात तो पेन्ना, दोन्ही एकाच पंखाची.

तर आता इटली. पण तिथली वाटही इथूनच, शेणोलीवरून जाते.

७ जून १९४३ रोजी तुफान सेनेच्या माणसांनी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली आणि रक्कम ताब्यात घेतली. त्या मोहिमेतले कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, सगळ्यांचे ‘कॅप्टन भाऊ’, नव्वदी ओलांडल्यावरही एका शब्दावर हटकत. गाडी ‘लुटली’ म्हणू नका, असं त्यांचं म्हणणं. लोकांचा पैसा इंग्रजानं नेला होता, तो परत आणला. साहेबानं इथून जे काही नेलं त्यात ‘लूट’ हा शब्दही होता, आणि तो त्यानं आपल्या कोशात कायमचा ठेवून घेतला. तेव्हा तो शब्द तरी त्याच्या अंगावर परत टाकायचा, हा भाऊंचा हिशेब व्युत्पत्तीलाही पटणारा आहे.

शेणोलीनंतर तेहेतीस दिवसांनी, १० जुलै १९४३ ला, दोस्त राष्ट्रांच्या फौजा सिसिलीत उतरल्या. त्यातलं एक बंदर लिकाता. तिथे गावाचा कारभार बसवायला नेमलेल्या एका अमेरिकन अधिकाऱ्यावरून जॉन हर्सीनं ‘अ बेल फॉर अदानो’ ही कादंबरी लिहिली. ती १९४४ साली आली, १९४५ साली तिला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी हेन्री किंगनं तिच्यावर चित्रपट केला. गावाचं नाव बदलून अदानो केलेलं, अधिकाऱ्याचं नाव मेजर जोपोलो. आई-बाप इटालियन, वाढला अमेरिकेत. गाव भुकेलेलं, तहानलेलं, फॅसिस्टांच्या नगरप्रमुखाला कंटाळलेलं. मेजर विचारतो, तुम्हाला सगळ्यात आधी काय पाहिजे? कुणी भाकरी म्हणतं, आणि कुणी घंटा. सातशे वर्षांची गावची घंटा मुसोलिनीच्या सरकारनं काढून नेली, वितळवून बंदुकांच्या नळ्या करायला.

घंटा कशाला हवी, हे मराठी माणसाला ‘तास’ या शब्दावरून चटकन कळेल. फारसीत ‘तास’ म्हणजे धातूचं भांडं, वाटी, थाळी. घटका मोजायला नि टोल द्यायला ते वापरत, म्हणून मराठीत तो काळच तास झाला. हिंदीनं तर सरळ घंट्यालाच तास केलं. घंटा गेली की गावाचा वेळ जातो: कधी उठायचं, कधी शेतावर निघायचं, कधी जेवायचं, हे सांगणारं कुणी उरत नाही. इटालियनमध्ये गावाच्या अभिमानालाच ‘काम्पानिलिझ्मो’ म्हणतात. घंटेच्या मनोऱ्याला ‘काम्पानिले’ म्हणतात, त्यावरून. ज्याच्या कानावर ज्या मनोऱ्याची घंटा पडते तो त्या गावचा. आपण हेच शिवेवरून ठरवतो.

घंटांच्या बाबतीत आपले हात तसे स्वच्छ नाहीत, हेही सांगून टाकावं. या मुलखातल्या कृष्णेच्या काठी, कुंडलपासून वर, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची प्रतिमा आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी देवळादेवळांत नेल्या, त्यातली ही. वसईकडच्या कुठल्या तरी गावाचा तास मेणवलीत वाजतो आहे. जिंकणारा घंटाच आधी का काढतो, हे अदानोत कळतं आणि मेणवलीतही.

अदानोतलं परकं राज्य ज्या नावानं आलं ते मात्र कुणाच्या जिभेवर बसणारं नव्हतं: ‘अ‍ॅमगॉट’. ‘व्याप्त प्रदेशांचं दोस्त लष्करी सरकार’ या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं. काही महिन्यांतच त्याचं शेपूट छाटलं गेलं आणि नुसतं ‘एएमजी’ उरलं. आता फक्त इतिहासकारांना ते आठवतं. कचेरीत जुळवलेली नावं अशीच असतात. त्यांना उच्चार असतो, अर्थ नसतो. त्यांच्यावर गावाची जीभ फिरलेली नसते. इटालियनमध्ये सरकारला म्हणतात ‘गोव्हेर्नो’. मूळ ग्रीक, अर्थ जहाजाचं सुकाणू धरणं. सत्ता म्हणजे त्यांना सुकाणू, फारसीला डोकं, आणि कुंडलला पायातली पत्री. ज्यानं जिथून राज्य पाहिलं तिथलं नाव त्यानं त्याला दिलं. आणि गंमत म्हणजे मराठीतलं ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’ मधून आलेलं. समुद्राचं आपण काही तरी घेतलं, पण सरकारला ते लावायचं सुचलं नाही.

मेजर जोपोलो पडतो तोही एका गाडीपायी. रस्त्यात खेचराची गाडी आडवी आली म्हणून एक जनरल संतापतो, खेचराला गोळी घालायला लावतो आणि हुकूम सोडतो, गावात एकही गाडी शिरता कामा नये. गावाचं पाणी गाड्यांतून येतं, अन्न गाड्यांतून येतं. मेजर तो हुकूम आपल्या जबाबदारीवर मागे घेतो. त्याची बदली होते. नौदलाच्या विनाशिकेवरून मिळवलेली नवी घंटा बसते, आणि गाव सोडून जाताना वाटेत गाडी थांबवून तो तिचा आवाज ऐकतो. हे पाहताना मला राहून राहून वाटतं की ही गोष्ट कुणी कृष्णेकाठच्या गाडीवानाला सांगावी. घंटेचं त्याला कौतुक वाटेल, पण खेचराची गाडी अडवणारं राज्य टिकत नाही, हे त्याला आधी कळेल. त्यानं आपल्या राज्याचं नावच गाडीच्या बैलावरून ठेवलं होतं.

ही तुलना पुस्तकी नाही. सिसिलीनंतर इटलीच्या मुख्य भूमीवर पुढे सरकत गेलेल्या फौजेत हिंदुस्थानी डिव्हिजन होत्या, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी तुटलेल्या नद्यांवर पूल टाकले, आणि हिंदुस्थानी खेचरांच्या कंपन्यांनी चिखलातून डोंगरावर दारूगोळा चढवला. सातारा म्हणजे पलटणींचं माहेरघर. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे सेहेचाळीस जण कामी आले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पाच हजार सातशे ब्याऐंशी हिंदुस्थानी सैनिक पडले. सिसिलीतल्या उतरणीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, ठाणं घेतलं, आणि लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. कुलाब्याकडच्या माणगाव भागातला बावीस वर्षांचा मुलगा. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या बांधावर नामदेव जाधव जखमी अवस्थेत तीन मशीनगन थंड करून वर चढले आणि बांधावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली, तेव्हा मागची कंपनी पार आली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या बांधावर घंटा नव्हती. माणसाचा गळा होता.

एकाच मुलखातल्या आया एका पोराची मनीऑर्डर सरकारकडून घेत होत्या आणि दुसऱ्याला सरकारपासून लपवत होत्या. ‘सरकार’ आणि ‘प्रतिसरकार’ हे शब्द एकाच चुलीपाशी बसून जेवत होते. त्यात त्यांना विसंगती वाटली असेल असं मला वाटत नाही. एक पोटासाठी होतं, दुसरं पाठीच्या कण्यासाठी.

घाडगे ज्या भागात पडले तिथे, मोंतोने गावात, जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ बसवलं गेलं. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली. त्या वाक्यातला ‘सोल’ म्हणजे आपला सूर्यच, आणि ‘सुब’ म्हणजे आपला ‘उप’; दोन्ही शब्द एकाच मुळाचे. अदानोला घंटेनं वेळ सांगितली, मोंतोनेत एका मराठी पोराची सावली सांगते. आवाज होत नाही एवढंच.

त्या फौजेचे शब्द मात्र इकडे येऊन चांगले रुजले. ‘बॉम्ब’ मुळात इटालियन, ‘बोंबा’. ‘बटालियन’ तिथल्या ‘बात्तालिओने’वरून, ‘कर्नल’ तिथल्या ‘कोलोन्नेल्लो’वरून. ‘कॅप्टन’ हा लॅटिन ‘कापुत’चा नातू, कापुत म्हणजे डोकं. म्हणजे ‘सरकार’ आणि ‘कॅप्टन’ दोघंही डोकीच, एक फारसी, एक लॅटिन. आणि कुंडलनं त्यातल्या दुसऱ्याला ‘भाऊ’ जोडून त्याची पुरती जिरवली. ‘तुफान सेने’तला तुफानही जगभर फिरलेला. अरबी ‘तूफान’, पोर्तुगीज ‘तुफाँव’, इटालियन ‘तिफोने’. मराठीत तो गर्दीपासून हशापर्यंत कशालाही लागतो, आणि त्या तीन वर्षांत तो शिवाराशिवारांतून रात्री अनवाणी चालला.

उरला ‘मार्शल’. तुफान सेनेचे फील्ड मार्शल जी. डी. बापू लाड. इंग्रज फौजेतला हा सर्वांत उंच हुद्दा बापूंना देताना कुणी शब्दकोश उघडला असेल असं वाटत नाही. उघडला असता तर हसू आवरलं नसतं. मार्शल हा मुळात जुना जर्मानिक शब्द, ‘मार्हस्काल्क’. ‘मार्ह’ म्हणजे घोडा, ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. मार्शल म्हणजे तबेल्यातला मोतद्दार, घोड्याची निगा राखणारा. पुढे राजाच्या तबेल्याचा मुख्य, मग घोडदळाचा मुख्य, मग सगळ्या फौजेचा. चाकराचा सेनापती होईपर्यंत शब्दाला काही शतकं चालावं लागलं. पण इटालियनमध्ये या शब्दाची एक शाखा गावातच राहिली, वर चढली नाही. तो शब्द ‘मानिस्काल्को’. आजही इटलीच्या खेड्यात मानिस्काल्को म्हणजे जनावराच्या खुराला लोखंड ठोकणारा. आपल्या भाषेत, पत्रीवाला.

पत्री सरकारच्या सेनापतीचा हुद्दा त्याच्या एका जुन्या अर्थानं पत्रीवाल्याचाच होता. हे नाव ठेवणारं गाव इटालियन शिकलेलं नव्हतं आणि हुद्दा देणाऱ्या कार्यकर्त्यांनी जर्मानिक धातू पाहिले नव्हते. दोघांनी दोन बाजूंनी चालत येऊन एकाच खुरापाशी हात टेकले.

आज कुंडलच्या कारखान्याच्या नावात बापूंचं नाव आहे. हंगामात त्याच्या रस्त्याला गाड्या उभ्या असतात, बैल कुशीवर पडलेला असतो, आणि बापूंच्या हुद्द्याचा तो जुना अर्थ रस्त्याकडेला उकिडवा बसून तोंडात खिळे धरून हातोडा मारत असतो.